आबांच्या स्मरणार्थ एक व्हिडिओ गेम

धुळ्याच्या प्रदर्शनात माझ्या टेबलावर एक कार्ड ठेवलेलं होतं. त्यावर लिहिलं होतं, ‘स्थिती : खराब. कारण : पृष्ठभागावर खोदकाम.’ नीट छापलेलं, लॅमिनेशन केलेलं कार्ड. म्हणजे कुणीतरी शांतपणे बसून, विचार करून, माझ्या आयुष्यभराच्या कामाला खोदकाम ठरवलं होतं. मी काही गटारं खोदत नाही. मी भांड्यांवर नावं टाकतो.

जळगावला आमचं भांड्यांचं दुकान आहे. पणजोबा राजस्थानातून आले, आधी डोक्यावरच्या पाटीत भांडी घेऊन गावोगाव फिरले, मग एक गाळा झाला. भांडं विकणं हे आमचं अर्धं काम, त्यावर नाव टाकून देणं हे उरलेलं अर्धं. नाव नसलेलं भांडं आमच्याकडे घरात टिकत नाही, कुणाच्या पंगतीला उसनं गेलं की गेलंच. म्हणून तांब्यावर नाव, परातीवर नाव, डब्याच्या झाकणावरसुद्धा नाव. लग्नातल्या हंड्यावर मामाचं. बारशाच्या वाटी-चमच्यावर आत्याचं. आणि घरातलं कुणी गेलं की वर्षश्राद्धाला वाटायच्या पेल्यांवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’. मी चड्डीत होतो तेव्हापासून नावं टाकायच्या मशीनवर बसतोय. पेनासारखं हातात धरायचं, सुई टकटकत राहते आणि स्टीलवर ठिपक्यांचं अक्षर उमटत जातं.

मग व्हिडिओ गेम आले. टीव्हीला जोडायचे, वर कॅसेट खोचायची आणि वायरीचे दोन रिमोट घेऊन जमिनीवर बसायचं. जळगावातले मामा तेव्हा भाचा पास झाला की तो डबा घेऊन द्यायचे, आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून निघाले की थेट आमच्याकडे यायचे. यावर नाव टाकून द्या. माझे वडील म्हणायचे, अहो, ही काय परात आहे का? मामा म्हणायचे, देणं दिलंय तर नाव नको का? आणि ते बरोबरच होतं. मी टाकून द्यायचो. प्लास्टिकवर हात जड पडला की सुई रुतते आणि हलका पडला की घसरते. अक्षराच्या कडा किंचित वर येतात, बोट फिरवलं तर हाताला लागतात. कॅसेटवरही नावं टाकली मी. एकदा बंदुकीच्या दस्त्यावरही, ती बदकं मारायची प्लास्टिकची बंदूक असायची ना, तिच्या.

पुढे मोबाइल आले, आणि तीच माणसं ते गेम जुन्या पितळेबरोबर मोडीत घालायला आणायला लागली. प्लास्टिकला मोडीत काय मिळणार? पण लोक म्हणायचे, राहू द्या तुमच्याकडेच, घरी परत नेऊन काय करू. नाव टाकलेली वस्तू उकिरड्यावर फेकायला आमच्याकडे माणसाचा हात धजत नाही. माझा संग्रह म्हणतात तो असा झाला. मी तो जमवला असं म्हणणं खोटं होईल. तो दुकानाच्या माळ्यावर साठत गेला, आणि दर दिवाळीच्या साफसफाईला माझी बायको त्याच्याकडे बघून नाक मुरडत गेली.

त्याचे फोटो पुतणीने मोबाइलवर टाकले. चार दिवसांत पुण्याहून एका पोराचा फोन आला. म्हणाला, काका, तुमच्याकडे अमेझिंग कलेक्शन आहे, आम्ही धुळ्याला रेट्रो गेमिंग कन्व्हेन्शन घेतोय, दोन दिवसांचं, तुम्ही तुमचं टेबल लावाच. मी हरखलो, खोटं कशाला बोलू. आयुष्यभर लोकांनी माझ्या मशीनचा आवाज ऐकून दात शिवशिवतात अशीच तक्रार केलेली. बायको म्हणाली, जायचं असेल तर जाऊ, पण तुमचं तोंड दुकानातच ठेवून चला.

या सगळ्या गेमांत मला एक हवा होता, जो माझ्या माळ्यावर नव्हता. तो एरंडोलजवळच्या एका खेड्यात अक्कांच्या घरी होता.

अक्का आणि आबा आमचं जुनं गिऱ्हाईक. कापूस विकला गेला की भांडी घ्यायला जळगावला यायचे. आबांच्या नातवाला त्याच्या मामाने एक गेम दिला होता. मुलगा-सून नातवाला घेऊन सुरतेला गेले आणि गेम टीव्हीपाशीच राहून गेला. एकदा आबांनी सहज रिमोट हातात घेतला, आणि तो काही सुटला नाही. रणगाड्यांचा गेम होता, दोघांनी मिळून खेळायचा. शेतातून आले, हातपाय धुतले, चहा झाला की आबा टीव्हीसमोर. गल्लीतली पोरं नंबर लावून बसायची, कारण दुसरा रिमोट रोज एकाला मिळायचा. विटांच्या भिंतीआडचा गरुड सांभाळायचा असतो त्यात. आबा स्वतः पुढे जायचे नाहीत, गरुडापाशी राखणीला बसायचे आणि पोरांना लढायला पाठवायचे. शेतात सालगड्यांना पाठवायचे तसेच, असं अक्का सांगायच्या.

आबा गेले तेव्हा वर्षश्राद्धाच्या पेल्यांची ऑर्डर घेऊन दोन्ही मुलं दुकानात आली. पेले ठरले, मजकूर ठरला. मग मोठ्याने पिशवीतून तो गेम काढला आणि खाली बघत म्हणाला, अक्का म्हणते याच्यावरही टाका, गावातल्या वाचनालयाला द्यायचाय. मी हसलो नाही. पेल्यांवर टाकला तोच मजकूर टाकला, कैलासवासी, पूर्ण नाव, गाव, यांच्या स्मरणार्थ. दुपारभर बसून टाकला, कारण मला आबा आवडायचे. मग बरीच वर्षं वाचनालयात पोरं आबांच्या नावावर रणगाडे चालवत होती. वाचनालय बंद पडलं तेव्हा कुणीतरी तो अक्कांच्या घरी आणून दिला. तोवर वाटण्या झाल्या होत्या. आबांच्या नावाची भांडी दोन्ही मुलांच्या घरी गेली होती. गेम कुणालाच नको होता, म्हणून तो अक्कांच्या वाटणीला आला.

मी मागायला गेलो तेव्हा तो देवांच्या फळीखालीच, कोनाड्यात होता. धूळ नव्हती. मी म्हटलं, अक्का, रोज पुसता वाटतं. त्यांनी मला जवळ बोलावलं, जसं काही चोरी सांगायची आहे, आणि म्हणाल्या,

“माले वाचता येत नही, नि त्यासनं नाव लेता येत नही. मंग हात फिराई लेस.”

मी ते नाव टाकलं होतं, आणि मला हे कधी सुचलं नव्हतं. आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत हे काय मला माहीत नव्हतं? लग्नात उखाण्यात घ्यायला लावतात, तेवढंच. अक्का तर उखाण्यातही अडून बसल्या होत्या असं आबाच हसून सांगायचे. रेशनच्या दुकानात नाव विचारलं की त्या शेजारणीला पुढे करायच्या. दवाखान्यात मुलाला. नाव तोंडाने घ्यायचं नाही, डोळ्यांनी वाचता येत नाही, उरलं बोट. रोज आंघोळ झाली की देवाला हात जोडायच्या आणि मग त्या प्लास्टिकवरून बोट फिरवायच्या, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत.

तो त्यांनी मला दिला, दोन दिवसांसाठी, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून. एवढंच म्हणाल्या, नाव बठ्ठासले दखाडजो, भाऊ. सगळ्यांना दाखवीन, मी म्हटलं. आणि प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी नातसुनेला घेऊन स्वतः बघायला येते म्हणाल्या.

प्रदर्शन महामार्गालगतच्या एका मंगल कार्यालयात होतं. दर्शनी भागात काचेच्या पेट्या, आत जपानहून, अमेरिकेहून आणलेले गेम, पांढरे स्वच्छ, खोक्यांसकट. शेजारी पाटी, हात लावू नये. मला टेबल मिळालं अगदी शेवटी, हात धुवायच्या बेसिनपाशी, ‘वधूपक्ष’ लिहिलेल्या खोलीच्या दारात. मी निमूट गेम मांडायला घेतले. बायको माझ्याकडे बघत होती.

पण लोक आले ते माझ्याकडेच. धुळ्याची माणसं, त्यांना जपानचं काय? काचेपुढून ती हात मागे बांधून गेली आणि माझ्या टेबलापाशी येऊन थांबली. एकेक गेम उचलून नावं वाचायला लागली. अरे, हे तर आमच्या साडूंच्या गावचे. हे पाटील म्हणजे ते जिनिंगवाले का? एक गृहस्थ सगळ्या कॅसेट उलट्यापालट्या करून बघत होते, शाळेत असताना मित्राने नेलेली त्यांची कॅसेट माझ्याकडे आली असेल म्हणून. नव्हती, पण तासभर बसले, खेळले, मला चहा पाजून गेले. आबांचा गेम मी मधोमध ठेवला होता, टीव्हीला जोडून. जो येई त्याला आधी नाव वाचायला लावी, मग रिमोट हातात देई. अक्कांना मी शब्द दिला होता.

त्या गर्दीतच तो पुण्याचा पोरगा आला आणि ते कार्ड ठेवून गेला. मी हाक मारून परत बोलावलं. म्हटलं, हे काय आहे? तो फार गोड बोलतो, तीच तर पंचाईत आहे. म्हणाला, काका, पर्सनली घेऊ नका, कलेक्टर लोकांची ग्रेडिंगची पद्धत असते. ओरिजिनल असेल, बॉडीवर मार्क नसेल तर वरची ग्रेड. तुमचे एक तर क्लोन आहेत, म्हणजे डुप्लिकेट, त्यात सगळ्यांच्या बॉडीवर खोदकाम.

डुप्लिकेट! जळगावात ओरिजिनल आला होता का कधी? कुणी आणला होता? आमच्या दोन पिढ्या ज्याच्यावर खेळल्या तो आमच्यासाठी ओरिजिनलच. आणि मार्क नसलेली वस्तू म्हणजे कुणीच न दिलेली, कुणालाच न मिळालेली वस्तू. त्याच्या काचेतल्या त्या पांढऱ्या डब्यांना ना मामा ना भाचा. खोक्यातून बाहेरच निघाले नाहीत, त्यांच्यावर कोण हसलं, कोण रडलं, रिमोटवरून कुणाची मारामारी झाली? त्याला म्हणे वरची ग्रेड. उद्या हा आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या सुरकुत्या मोजेल आणि ग्रेड कमी करेल. हे सगळं मी त्याला बोललो, आवाज चढवून बोललो. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, तुमचं पॅशन मी समजू शकतो, काका. असल्या माणसाशी भांडण होत नाही. भिंतीला डोकं आपटलं तर निदान भिंतीचा आवाज तरी येतो. शेवटी कार्ड उचलून मी बेसिनखालच्या बादलीत टाकलं, आणि बायकोने माझी बाही ओढून मला खाली बसवलं.

संध्याकाळी तोच परत आला. म्हणाला, काका, या आबांच्या गेमची गोष्ट भारी आहे, उद्या हा मेन स्टेजवर घेऊ, मोठ्या स्क्रीनवर खेळवू, त्या आजींच्या हस्ते सुरू करू. माझा राग तिथल्या तिथे विरघळला. मी म्हटलं, नाव दिसलं पाहिजे, ते सगळ्यात महत्त्वाचं. तो म्हणाला, नावाची तुम्ही काळजीच करू नका. मी गेम त्याच्या हातात दिला. लुगड्याचा तुकडाही दिला, खाली अंथरायला. धुळ्यातच माझ्या साडूंकडे मुक्कामाला गेलो तर जेवताना मी दुसरं काही बोलतच नव्हतो. अक्का स्टेजवर. सगळ्या धुळ्यासमोर आबांचं नाव. बायको म्हणाली, बघा, मी म्हटलं होतं ना, पोरगा वाईट नाही.

सकाळी स्टेजवर एक स्वच्छ पांढराशुभ्र गेम ठेवलेला होता. मला वाटलं, काचेतला एखादा काढून ठेवला. मी विचारलं, आबांचा कुठे आहे? पोरगा माझ्याकडे येताना हसत होता. म्हणाला, हाच तो. आमच्या रिस्टोरेशन टीमने रात्री नवी बॉडी टाकली, आतलं सर्किट तेच आहे, सगळं साफ केलं, बटणंही बदलली. बाहेर याचे चांगले पैसे घेतात, काका, तुम्हाला फ्री.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, मला ती खरंच जाताना कळली. मी फक्त जुन्या बॉडीचं विचारलं. ती ना, क्रॅक होती एका बाजूला, कचऱ्यात टाकली. मंगल कार्यालयाच्या मागे धावलो. रखवालदार म्हणाला, घंटागाडी मघाशीच येऊन गेली. धुळ्याचे रस्ते मला कुठे ठाऊक, म्हणून रिक्षा करून घंटागाडीच्या मागे गेलो, गाडी सापडली, पण ती रिकामी होऊन परत निघालेली. जिथे रिकामी झाली तिथेही गेलो. कचऱ्याच्या त्या डोंगरासमोर नाकाला रुमाल लावून उभा राहिलो. धूर येत होता, वर घारी फिरत होत्या. तिथे काय सापडणार?

परत आलो तेव्हा दुपार कलली होती. तो पोरगा म्हणाला, काका, एवढं काय, तुम्हीच नाव टाकता ना, परत टाका की नव्या बॉडीवर. माझं मशीन जळगावला होतं. आणि हाताशी असतं तरी काय टाकलं असतं मी? मी टाकलेलं नाव तर केव्हाच राहिलं नव्हतं. कडा झिजून झिजून ते अक्कांच्या बोटाचं झालं होतं. दुसरं टाकलं तर ते दुकानातलं नाव. पण हे त्याला कोण सांगणार? ज्याला नाव म्हणजे डाग वाटतो त्याला काय सांगायचं? मी त्याच्याशी बोलणंच बंद केलं. नातसुनेला फोन लावला, म्हटलं येऊ नका. पण एसटी पारोळ्याच्या पुढे आलेली होती, आणि मागून अक्कांचा आवाज ऐकू येत होता. कुणाला तरी सांगत होत्या की धुळ्याला कार्यक्रम शे.

अक्का नवं लुगडं नेसून आल्या. दारातच मी त्यांना गाठलं, म्हटलं, अक्का, आधी माझं ऐका. पण त्या पोराने माझ्याआधी त्यांना पाहिलं. माइकवरून आजी आल्या, आजी आल्या असं झालं, दोन पोरी गुलाबाचं फूल घेऊन धावल्या आणि त्यांना हाताला धरून स्टेजवर घेऊन गेल्या. मी आणि बायको मागून. हॉलमध्ये चारी बाजूंनी गेमांचे आवाज, वर स्पीकरवर धडधड संगीत, आणि लोक मोबाइल उंच धरून उभे.

अक्कांनी गेमकडे पाहिलं. खाली त्यांच्या लुगड्याचा तुकडा अंथरलेला होता, तो त्यांनी ओळखला. मग त्यांनी हात पुढे केला आणि नेहमीसारखं बोट फिरवलं. बोट गुळगुळीत प्लास्टिकवरून घसरत पलीकडे गेलं. त्यांनी परत फिरवलं. गेम उचलून उलटा केला, खाली चाचपडलं, बाजूला चाचपडलं. माझ्याकडे पाहिलं.

“भाऊ, त्यासनं नाव कोठे शे?”

पोराने सांगितलं. फार उत्साहाने सांगितलं. आजी, जुनी बॉडी खराब झाली होती, आपण नवी टाकली. नाव आता त्या मोठ्या स्क्रीनवर येणार, एवढं मोठं, सगळ्यांना दिसेल. तेवढं एकदा नाव सांगा फक्त, मी टाइप करतो.

म्हणजे फेकताना त्याने वाचूनही ठेवलं नव्हतं. अख्खा दिवस ते नाव त्याच्यासमोर होतं, खोदकाम म्हणून त्याने त्याची नोंद घेतली, आणि नाव काय ते त्याला ठाऊक नव्हतं. आता लॅपटॉप मांडीवर घेऊन, बोटं बटणांवर ठेवून तो विचारत होता. नाव काय, आजी? आबांचं नाव? अक्का गप्प. त्याला वाटलं त्यांना कमी ऐकू येतं. तो कानाशी वाकून मोठ्याने म्हणाला, तुमच्या मिस्टरांचं नाव. अक्कांनी पदर दातांत धरला. खालचे लोक हसू लागले, प्रेमाने हसत होते, म्हातारी लाजली म्हणून. कुणीतरी ओरडलं, उखाणा घ्या, आजी.

विधवा बाईला उखाणा घ्यायला सांगतात! आणि ते बाहेरचे नव्हते, आपलेच होते, धुळ्याचेच. मी पुढे झालो. नाव माझ्या ओठांवर होतं, पूर्ण नाव, मीच तर टाकलं होतं. अक्कांनी हात आडवा धरून मला थांबवलं.

“थांब भाऊ. मनं काम शे.”

त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला. आणि नाव घेतलं. आबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं, आडनाव, सगळं. मी त्यांच्या शेजारी होतो म्हणून मला ऐकू आलं. आवाज असा होता की जणू ते शब्द कधीच न वापरल्यामुळे बोलायला जड जात होते. लग्न होऊन आल्यापासून जे त्यांनी ओठांबाहेर येऊ दिलं नव्हतं, आबा असताना नाही, आबा गेले तेव्हा रडताना नाही, ते त्यांनी तिथे त्या गोंगाटात, लॅपटॉपवाल्या एका अनोळखी पोरासमोर घेतलं. बायकोने माझा दंड घट्ट धरला होता.

पोरगा कानामागे हात धरून म्हणाला,

“सॉरी आजी, म्युझिकमुळे नीट ऐकू आलं नाही. जरा मोठ्याने, परत एकदा?”

मी दंड सोडवून घेतला. स्टेजवरून उतरलो, गर्दीतून वाट काढत दारापाशी गेलो. मंगल कार्यालयांत मेन स्विच कुठे असतो हे भांड्यांचा व्यापार करणाऱ्याला माहीत असतं, आम्ही अर्धं आयुष्य तिथेच रुखवत मांडण्यात घालवतो. लाल दांडी खाली ओढली. संगीत थांबलं. पंखे थांबले. काचेच्या पेट्यांतले दिवे गेले, चारी बाजूंचे गेम विझले, खेळणारी पोरं हातात रिमोट घेऊन काळ्या टीव्हीकडे बघत राहिली. कुणीतरी ओरडलं, अरे, लाइट गेली का? मी म्हटलं, मी घालवली, गप्प बसा.

आणि त्या शांततेत अक्कांनी दुसऱ्यांदा नाव घेतलं. या वेळी बेसिनपाशी उभ्या असलेल्या माणसालाही ऐकू गेलं. आवाज कापला नाही. पोराने ते टाइप केलं, त्याचा लॅपटॉप बॅटरीवर चालू होता. थँक यू आजी म्हणाला. दोन-चार जणांनी टाळ्या वाजवल्या आणि बाकी कुणीच वाजवत नाही बघून थांबवल्या. त्यांच्या स्क्रीनवर ते नाव दिसेपर्यंत आम्ही थांबलो नाही. टेबल आवरलं, तो पांढरा डबा तिथेच सोडला आणि अक्कांना, नातसुनेला आमच्याच गाडीत घेतलं. निघताना तो पोरगा धावत आला, काका, तुम्ही असं करायला नको होतं, लोकांचे सेव्ह केलेले गेम गेले म्हणाला. मी काच वर केली.

पारोळा मागे पडला. अक्का माझ्या शेजारच्या सीटवर बसल्या होत्या, मांडीवर तो लुगड्याचा तुकडा, त्याच्यावरून उगाच बोट फिरत होतं. मी मनातल्या मनात त्या पोराला, त्याच्या ग्रेडिंगला, सगळ्या कन्व्हेन्शनला शिव्या घालत होतो. एरंडोलचे दिवे दिसायला लागले तेव्हा त्यांनी हळूच विचारलं,

“त्यासले आयकू उनं व्हई का, भाऊ?”

मी म्हटलं, “आलं असेल, अक्का. दुसऱ्या वेळी नक्की आलं असेल. मेन स्विच बंद होता.”